खिडकीतली रोपे

इंग्लंडातील वसंत ऋतू हा आपल्याकडील वसंतासारखा नव्हे. चैत्र लागला की आपल्या गावी पळस फुललेला असतो, आंब्याला कैऱ्या लोंबू लागतात आणि दुपारचे ऊन अंगाला चटके देते. इंग्लंडात मार्च, एप्रिल आणि मे हे वसंताचे महिने खरे. परंतु त्या महिन्यांत कित्येक दिवस आकाश करड्या घोंगडीने झाकल्यासारखे असते. पाऊस आपल्या मृगासारखा गडगडत येत नाही. तो झिमझिमत येतो, थांबतो आणि पुन्हा येतो. दुपारचे उष्णतामान १० ते १५ अंश सेल्सिअस असले म्हणजे लोक त्या दिवसाला बरा दिवस म्हणतात. रात्री ते पुष्कळदा ५ अंशांच्या खाली उतरते.

अशा देशात टोमॅटो पिकवावयाचा, हा हट्टच म्हटला पाहिजे. टोमॅटो हे मूळचे उष्ण ऊन्हाचे झाड. त्याचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात वाढतात. त्याची लागवड मेक्सिकोत भरभराटीला आली, आणि त्याचे नावही तेथील अॅझ्टेक लोकांच्या भाषेतून आले. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी ते युरोपात आणले. जॉन जेरार्ड नावाच्या इंग्रज वनस्पतिज्ञाने १५९७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या जाड ग्रंथात टोमॅटोचे वर्णन केले आहे. पण त्याचे मत काही चांगले नव्हते. त्याला या झाडाचा वास मुळीच आवडला नाही. पुढे बराच काळ इंग्लंडात टोमॅटो शोभेसाठीच लावीत. मराठीत टोमॅटोला बेलवांगी असेही एक नाव आहे, आणि ते योग्यच आहे. कारण टोमॅटो, वांगे, बटाटा व मिरची ही सर्व एकाच कुळातील भावंडे होत.

पेरल्यापासून पहिले फळ पिकेपर्यंत टोमॅटोला चार-पाच महिने लागतात. इंग्लंडात खऱ्या उबेचे दिवस जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे. मे महिना संपताना, हिमाची भीती गेल्यावर, बी सरळ जमिनीत टाकले तर झाडाला फळ धरेपर्यंत पुन्हा थंडी येऊन ठेपते. म्हणून तेथील लोक एक युक्ती करतात. फेब्रुवारीच्या अखेरीस अथवा मार्चमध्ये ते बी घरातच पेरतात, रोप दोन-अडीच महिने खिडकीत सांभाळतात आणि ते चांगले वीतभर झाले म्हणजे मग बाहेर लावतात. ज्यांच्याजवळ काचघर आहे त्यांचे काम सोपे. परंतु ज्यांच्याजवळ केवळ स्वयंपाकघराची एक खिडकी आहे अशी कुटुंबे फार, आणि खरी कसोटी लागते ती त्यांचीच.

बी रुजण्यास तीन गोष्टी लागतात : ओल, हवा आणि ऊब. पहिल्या दोन गोष्टी इंग्लंडात फुकट मिळतात. तिसरी मिळवावी लागते. टोमॅटोचे बी २५ अंश उष्णतामानात सुमारे सहा दिवसांत उगवते. तेच १५ अंशांत दोन आठवडे घेते. आणि १० अंशांत तर चाळिसाहून अधिक दिवस मातीत पडून राहते. इतके दिवस थंड, ओल्या मातीत पडलेले बी पुष्कळदा उगवण्याऐवजी कुजते. यावर जुन्या इंग्रजी घरांत एक नामी उपाय असे. ऊन पाण्याची टाकी एका कपाटात बसविलेली असते आणि त्याच कपाटात धुतलेले कपडे वाळत ठेवतात. बी पेरलेले तसराळे त्या कपड्यांशेजारी ठेवून दिले की काम झाले. टोमॅटोच्या बियांना रुजण्यासाठी उजेडाची गरज नसते, म्हणून कपाटातील अंधार त्यांना बाधत नाही. दह्याचे रिकामे प्याले, अंड्यांचे पुठ्ठ्याचे साचे, असे काहीही तसराळ्याच्या जागी चालते. मात्र बुडाला छिद्रे हवीत.

बी चपटे, फिकट पिवळे आणि बारीक लवेने झाकलेले असते. ते मातीत अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरतात. पाच-सहा दिवसांनी मातीला एखादी भेग दिसते. त्या भेगेतून प्रथम पाने वर येत नाहीत, तर मान वर येते. रोप आपली मान वाकवून, कमानीसारखी करून माती फोडते आणि मग कोवळी बीजदले अलगद वर ओढून घेते. पाने पुढे करून ते वर आले असते तर मातीच्या कणांनी ती फाटून गेली असती.

या क्षणी घरातील माणसाने जागे राहिले पाहिजे. ज्या अंधाराने बियांचे काही बिघडले नाही, तोच अंधार आता रोपांचा वैरी होतो. मान वर निघाल्यावर तसराळे एक-दोन दिवस जरी कपाटात विसरले, तरी रोपे उजेडाच्या शोधात भराभर उंच होतात. ती दोऱ्यासारखी बारीक व पांढुरकी पडतात आणि स्वतःच्याच भाराने आडवी होतात. एकदा असे लांबलेले रोप पुन्हा आखूड होत नाही.

उजेडाची ही ओढ खिडकीतही संपत नाही. खिडकीत प्रकाश एकाच बाजूने येतो; म्हणून सगळी रोपे काचेकडे झुकतात. रोपे अशी का झुकतात, या साध्या प्रश्नाने चार्ल्स डार्विनसारख्या थोर शास्त्रज्ञालाही गुंतवून ठेवले होते. म्हातारपणी त्याने आपला मुलगा फ्रान्सिस याच्यासह एका जातीच्या गवताच्या कोंबांवर प्रयोग केले आणि ते १८८० साली प्रसिद्ध केले. काही कोंबांच्या टोकांवर त्यांनी उजेड न शिरणाऱ्या लहान टोप्या घातल्या. ते कोंब वाकले नाहीत, सरळच वाढले. ज्यांचे टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला होता, ते मात्र उजेडाकडे वाकले. वाकतो खालचा भाग. पण उजेड ओळखते ते टोक! तेव्हा टोकापासून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असा तर्क पितापुत्रांनी केला. तो निरोप पोहोचविणारे द्रव्य पुढे १९२० नंतरच्या दशकात हॉलंडमधील फ्रिट्स वेंट या तरुणाने कोंबाच्या टोकांतून वेगळे करून दाखविले. त्याला ऑक्झिन असे म्हणतात. अंधाऱ्या बाजूस ते अधिक साचते, त्या बाजूच्या पेशी अधिक लांबतात, आणि म्हणून कोंब उजेडाकडे कलतो.

स्वयंपाकघरात एवढे शास्त्र कोणी उगाळीत बसत नाही. रोज सकाळी तसराळे थोडे फिरवायचे म्हणजे रोप सरळ राहते. खोलीच्या बाजूस एक पांढरा पुठ्ठा किंवा चकाकणारा कागद उभा करतात, म्हणजे खिडकीतून आलेला उजेड त्यावर आपटून रोपाच्या पाठीवरही पडतो. ढगाळ दिवसांत या पुठ्ठ्याचा मोठा आधार असतो. आणखी एक गंमत अशी की दिवसातून एक-दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून हलकेच हात फिरविला तर ती बुटकी आणि टणक होतात. उघड्यावरील झाडाला वारा हलवीत असतो. त्या धक्क्यांनी त्याचे खोड मजबूत होते. घरात वारा नाही, म्हणून त्याचे काम हाताने करायचे. मार्क जाफी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ साली वनस्पतींच्या या गुणाला शास्त्रीय नाव दिले. परंतु रोपांवरून हात फिरविण्यासाठी ते नाव पाठ असण्याची जरुरी नाही.

खिडकीची जागा दिवसा चांगली, रात्री वाईट. अंधार पडल्यावर घरात पडदे ओढतात. काच आणि पडदा यांच्या मध्ये सापडलेली हवा पहाटेपर्यंत इतकी गारठते की रोपे खोलीत नसून अंगणात असल्यासारखीच होतात. म्हणून जाणते लोक निजण्यापूर्वी तसराळी उचलून पडद्याच्या आत, खोलीतील मेजावर आणून ठेवतात. थंडीने मुळे आखडली तर त्यांना मातीतील स्फुरद नीट घेता येत नाही आणि पानांची खालची बाजू जांभळट दिसू लागते. तो रंग दिसला म्हणजे खताची नव्हे, उबेची गरज आहे असे पुष्कळदा समजावे.

ही सर्व संकटे हळूहळू येतात व माणसाला सावध होण्यास वेळ देतात. एक संकट मात्र रातोरात येते. संध्याकाळी तसराळ्यात हिरवीगार, तरतरीत रोपे उभी असतात. सकाळी पाहावे तो त्यांतील निम्मी आडवी पडलेली! उचलून पाहिले तर पाने अजून हिरवीच असतात; पण मातीला लागून असलेला खोडाचा भाग चिमटीत पिळून काढल्यासारखा बारीक आणि काळपट झालेला असतो. दुसऱ्या दिवशी उरलेलीही जातात. याला रोपे कोलमडणे म्हणतात. मातीत राहणारे बुरशीसारखे सूक्ष्म जीव हा रोग आणतात. थंडी, ओल, दाटी आणि कोंदट हवा ही चार त्यांना मानवतात. आणि पावसाळी वसंतातील बंद खिडकीत नेमकी तीच चार एकत्र नांदत असतात. आपल्याकडे पावसाळ्यात मिरची-वांग्यांच्या रोपवाटिकेत हाच रोग येतो, म्हणून आपले शेतकरी रोपे गादीवाफ्यावर तयार करतात, म्हणजे पाणी साचत नाही.

या रोगापायी एका प्रसिद्ध संशोधन संस्थेला जे करावे लागले, ते जाणून घेण्यासारखे आहे. जॉन इनिस नावाचा लंडनचा एक धनिक व्यापारी १९०४ साली वारला. त्याने मागे ठेवलेल्या संपत्तीतून लंडनजवळील मर्टन येथे १९१० साली बागकामाच्या संशोधनाची संस्था निघाली. १९३० नंतरच्या वर्षांत तेथे विल्यम लॉरेन्स व जॉन न्यूएल हे दोघे काम करीत होते. अनुवंशाच्या अभ्यासासाठी तेथे प्रिम्युला नावाच्या फुलझाडाची रोपे वाढवीत असत. संशोधनाचे सारे गणित एकेका रोपावर अवलंबून. आणि ती रोपे मरू लागली. त्या काळी प्रत्येक माळ्याची मातीची स्वतंत्र कृती असे. या झाडाला ही माती, त्या झाडाला ती. आणि कृती बहुधा गुप्त. कोणती माती चांगली आणि ती का चांगली, हे मोजून कोणीच पाहिलेले नव्हते.

लॉरेन्स व न्यूएल यांनी ते मोजून पाहिले. त्यांनी एकामागून एक मिश्रणे करून त्यांत रोपे वाढविली. दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, मातीतील रोगजंतू उष्णतेने मारले पाहिजेत. त्यासाठी मातीला वाफ देऊन तिचे उष्णतामान सुमारे ८० अंशांपर्यंत न्यावयाचे आणि लौकर निववायचे. फार भाजली तर मातीचाच रोपांना अपाय होतो. दुसरी, निरनिराळ्या झाडांना निरनिराळी माती लागते ही समजूत बहुतांशी खोटी आहे. बी पेरण्यासाठी २ भाग पोयटा, १ भाग पीट व १ भाग वाळू, आणि रोप कुंडीत लावण्यासाठी ७ भाग पोयटा, ३ भाग पीट व २ भाग वाळू, ही दोन मिश्रणे थोडे खत आणि खडूची पूड घालून बहुतेक सर्व झाडांना पुरतात. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ कुजून बनलेला हलका, काळसर थर. तो बनण्यास हजारो वर्षे लागतात, म्हणून अलीकडे पुष्कळ बागवान त्याच्याऐवजी दुसरे पदार्थ वापरतात.

ही माहिती त्यांनी १९३९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. संस्थेने कृती विकली नाही. ती सर्वांना खुली केली. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले, आणि इंग्लंडात घरोघर भाजीपाला पिकविण्याची वेळ आली, तेव्हा या खुल्या कृतीचा लोकांना फार उपयोग झाला. आजही तेथील दुकानांत रोपांच्या मातीच्या पिशव्यांवर जॉन इनिस हे नाव छापलेले असते. पुष्कळांना तो मातीचा कारखानदार वाटतो. वास्तविक त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी ही माती तयार झाली, आणि त्याच्या नावाच्या संस्थेला त्या पिशव्यांपासून काही मिळाले नाही.

चांगली माती मिळाली तरी पाण्याचा हात आवरावाच लागतो. पाणी वरून ओतीत नाहीत. तसराळे कोमट पाण्याच्या परातीत थोडा वेळ ठेवतात. माती खालून हवे तेवढे पाणी शोषून घेते आणि खोडाभोवतीचा वरचा थर कोरडा राहतो. पाऊस नसेल तेव्हा दुपारी खिडकी थोडी उघडून हवा खेळू देतात. आणि दाटी होऊ देत नाहीत. बीजदलांच्या मधून पहिले खरे, कातरलेल्या कडांचे पान दिसू लागले की एकेक रोप उचलून वेगळ्या कुंडीत लावतात. उचलताना रोप पानाला धरावे, खोडाला कधीही धरू नये. पान तुटले तर दुसरे येते. खोड चेंगरले तर रोप गेलेच. नव्या कुंडीत ते बीजदलांपर्यंत खोल पुरतात. इतर पुष्कळ रोपे अशा पुरण्याने कुजतात. परंतु टोमॅटोच्या खोडाला मातीत गेल्याबरोबर नवी मुळे फुटतात. लांबलेल्या रोपाला त्यामुळे एक संधी मिळते.

इतके झाल्यावर उरते ती वाट पाहणे. आणि तीच सर्वांत अवघड. २०१२ सालचा वसंत ब्रिटनमधील बागवान अजून विसरलेले नाहीत. त्या वर्षी मार्च महिना विलक्षण उबदार आणि कोरडा गेला. दोन हिवाळे पाऊस कमी पडल्यामुळे जलाशय आटले होते, म्हणून ५ एप्रिलपासून दक्षिण व पूर्व इंग्लंडच्या मोठ्या भागात बागेला नळीने पाणी घालण्यास बंदी झाली. आणि बंदी जाहीर होऊन अंमलात येते तोच पाऊस सुरू झाला! तो थांबेचना. त्या एप्रिलात देशात सरासरी १२६ मिलिमीटर पाऊस पडला. १९१० पासूनच्या नोंदींत त्यापूर्वी इतका ओला एप्रिल झाला नव्हता. इतकेच नव्हे, तो एप्रिल मार्चपेक्षाही थंड होता. मार्चमधील ऊन पाहून ज्यांनी घाईने बी पेरले होते, त्यांची रोपे एप्रिलच्या अखेरीस वीतभर झाली. घरात त्यांना जागा पुरेना, बाहेर नेण्याची सोय नाही. खिडकीतील उजेड अंधुक, कुंड्या लहान, आणि बाहेर पाऊस. ज्यांनी कंटाळून रोपे बाहेर लावली, त्यांना थंड चिखलात ती पिवळी पडताना पाहावी लागली.

बाहेर नेण्याचीही एक रीत आहे. खिडकीतील रोपाने खरे ऊन व वारा कधी पाहिलेलाच नसतो. त्याच्या पानांवरचे आवरण पातळ असते. एकदम बाहेर ठेवले तर पाने उन्हाने पांढरी पडतात. म्हणून त्याला दहा-पंधरा दिवस काटक करावे लागते. पहिल्या दिवशी आडोशाला तासभर, मग दोन तास, मग दिवसभर. रात्री पुन्हा आत. पावसाच्या वसंतात ही ने-आण दिवसातून तीन-चार वेळा होते. सर आली की घरातील लहानथोर धावत सुटतात आणि कुंड्या दारात गोळा होतात.

आणि तरीही भीती पावसाची नसतेच. ढग रात्री जमिनीची ऊब पांघरुणासारखी धरून ठेवतात. धोका असतो तो पाऊस उघडून आकाश निरभ्र होते त्या रात्री. चांदण्या लखलखत असतात, वारा पडलेला असतो, सर्वांना बरे वाटते. आणि पहाटे गवतावर दव गोठून पांढरे हिमकण पसरलेले दिसतात. टोमॅटोच्या पेशींतील पाणी गोठले की पाने काळी पडून लोंबतात. दक्षिण इंग्लंडात अशी रात्र मे महिन्याच्या मध्यापर्यंत आणि उत्तरेकडे त्याहीनंतर येऊ शकते. म्हणून तेथील वृद्ध माळी मे महिन्यात सूर्यास्ताच्या वेळी आकाशाकडे पाहतात. ढग दिसले तर निश्चिंत झोपतात. तारे दिसले तर रोपे आत घेतात.

२०१२ साली मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अखेर ऊन पडले आणि थांबून राहिलेली रोपे बाहेर गेली. पण जूनही विक्रमी पावसाचा निघाला. ओल्या हवेत करपा रोग देशभर पसरला. १८४५ नंतर आयर्लंडमधील बटाट्याची पिके नष्ट करून लाखो माणसांवर उपासमार आणली तोच हा करपा. उघड्यावरील पुष्कळ झाडे फळे हिरवी असतानाच तपकिरी होऊन गेली. ज्यांनी एखादी कुंडी काचघरात, ओसरीच्या छपराखाली किंवा खिडकीतच ठेवली होती, त्यांच्या झाडांची पाने कोरडी राहिली आणि करप्याला तेथे शिरणे अवघड गेले. अशा झाडांना ऑगस्टमध्ये थोडी, पण लाल फळे आली. हिरवी राहिलेली निरोगी फळेही कोणी टाकून दिली नाहीत. तेथील बायका त्यांची चटणी करून बरण्या भरून ठेवतात. फेब्रुवारीत नव्या बियांची पाकिटे दुकानांत येतात, तेव्हा फडताळात ती बरणी बहुधा अर्धी उरलेली असते.